निनांवी वास्तूंचें संरक्षण

गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं आपल्या तुर्कस्तानच्या प्रवासाचीं चित्रें पडद्यावर दाखविण्याचा कार्यक्रम ठेवला होता. गृहस्थ सुविद्य, रसिक, आणि पदरचे पैसे खर्चून जग पाहणारे. तेव्हां सभागृह भरलें होतें आणि पुष्कळांनीं घरच्या मुलांनाहि मुद्दाम आणलें होतें. इस्तंबूल झालें, कापादोकियाचे सुळके झाले, आणि मग एक चित्र असें आलें कीं सारी सभा क्षणभर स्तब्ध झाली. ओसाड गवताळ पठार, त्याच्या कडेला खोल दरी, आणि मधोमध लालसर दगडाचें एक भव्य देऊळ. घुमट गेलेला, तरी उभें राहण्यांत राजाचा डौल. "हें आनी नांवाचें उद्ध्वस्त शहर," गृहस्थ म्हणाले, "जागतिक वारशाच्या यादींतलें संरक्षित स्थळ." मागच्या रांगेंतून एका मुलीनें विचारलें, हें कोणीं बांधलें? गृहस्थ हंसले आणि उत्तरले, "तसें कांहीं पाटीवर लिहिलेलें आमच्या पाहण्यांत आलें नाहीं. आणि बाळ, खऱ्या कलेला जात नसते नि देशहि नसतो. सुंदर आहे, सुरक्षित आहे, एवढें पुरे." टाळ्या पडल्या. आम्हांस त्या टाळ्यांत सामील होतां आलें नाहीं. आणि तें कां, हें सांगण्यासाठीं हा लेख.

त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर अगदीं सरळ आहे. तें देऊळ आर्मेनियन लोकांनीं बांधलें. स्थपतीचें नांव त्रदात. आरंभ इ. स. ९८९ मध्यें स्म्बात दुसरा याच्या कारकीर्दींत झाला, आणि समाप्ति १००१ मध्यें, पुढचा राजा गागिक याची राणी कात्रानिदे हिच्या हातून झाली. बगरातुनी घराण्यानें ९६१ मध्यें आपली राजधानी येथें आणली होती, आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत या पठारावर इतकीं देवळें उठलीं कीं 'एक हजार एक देवळांचें शहर' अशी त्याची ख्याति झाली. ज्या साली आनीच्या देवळाचा पाया पडला, त्याच ९८९ साली भूकंपानें कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाच्या घुमटाचा भाग ढासळला. तो पुन्हां उभारण्याचें काम ज्याच्या हातीं आलें, तो हाच त्रदात. इस्तंबुलांत मान वर करून आमचे मित्र ज्या घुमटाचें कौतुक करीत होते, त्याचा पश्चिमेकडचा भाग याच माणसाच्या बुद्धीचा! घुमटाखालीं उभ्या राहिलेल्या प्रवाशाला हें कोणी सांगितलें नाहीं, आणि आनींतहि सांगितलें नाहीं. दोन ठिकाणीं भेटून हा थोर कारागीर आमच्या मित्रांना अनोळखीच राहिला.

आतां या वास्तुकलेविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण आपल्याकडे गॉथिक आणि ग्रीक यांच्यापलीकडे ख्रिस्ती शिल्पाची वार्ता फारशी पोंचलेली नाहीं. आर्मेनियन लोकांनीं चौथ्या शतकाच्या आरंभीं ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला, आणि पांचव्या शतकाच्या आरंभीं मेस्रोप माश्तोत्स यानें त्यांस स्वतःची लिपि दिली. त्यांचा देश ज्वालामुखींचा. तेथला 'तूफ' नांवाचा दगड खाणींतून काढतांना मऊ, हवा लागली कीं कठीण, आणि रंगानें गुलाबी, तांबूस, पिवळा, काळा. या दगडाच्या घोटीव, पातळ चिऱ्यांच्या दोन भिंती उभारावयाच्या, आणि त्यांच्यामध्यें चुना व दगडगोटे यांचा घट्ट गारा भरावयाचा, ही त्यांची रीत. म्हणून भिंत दिसते एकसंध खडकासारखी. मध्यभागीं उंच गोल वा बहुकोनी मनोरा, आंत घुमट, आणि बाहेरून त्यावर टोकदार शंकूचें छप्पर. वाघार्शापातचें ६१८ सालचें संत ह्रिप्सिमेचें देऊळ पाहावें. सारी रचना तेथें सातव्या शतकांतच सिद्ध झालेली आहे. पुढें मठ वाढले तसें देवळापुढें 'गावित' नांवाचें सभामंडप बांधूं लागले. हाघपातच्या मुख्य देवळापुढील गावितांत एकमेकींस छेदणाऱ्या कमानींच्या दोन जोड्यांवर सगळें छत पेललेलें आहे. मध्यें खांब नाहीं, आणि प्रकाश येतो तो फक्त माथ्यावरच्या झरोक्यांतून. गेघार्द येथें तर तेराव्या शतकांत देवळें व मंडप डोंगराच्या पोटांतच कोरले. ज्याने वेरूळ पाहिलें आहे त्याला त्या अंधाराची, पाषाणांतच राखून ठेवलेल्या खांबांची ओळख सांगावी लागणार नाहीं. आणि सर्वत्र, देवळाच्या अंगणांत, वाटेवर, स्मशानांत, 'खाचकार': माणसाच्या उंचीची उभी शिळा, तिच्यावर पालवी फुटलेला क्रूस आणि भोंवतीं लेस विणावी तशी कोरीव जाळी. एका शिळेसारखी दुसरी शिळा नाहीं.

आनीच्या देवळांत आंत शिरलें म्हणजे टोकदार कमानी आणि जुडग्याजुडग्यांनीं वर चढणारे भिंतींतले खांब दिसतात. ते पाहून युरोपच्या पंडितांस पुढें दीडशें वर्षांनीं तिकडे जन्मास आलेल्या गॉथिक शैलीची आठवण झाली. आणि व्हिएन्नाच्या स्ट्रझिगोव्स्कीनें १९१८ मध्यें दोन जाड खंड लिहून युरोपच्या शिल्पाचें मूळ आर्मेनियांतच ओढून नेलें. तोरोस तोरामानियान या आर्मेनियन संशोधकानें वर्षानुवर्षें भग्नावशेष मोजून काढलेलीं टिपणें त्यानें वापरलीं, आणि त्यांवर आर्यवंशाच्या श्रेष्ठतेचा इमला चढविला. हा उल्लेख आम्ही मुद्दाम करतों. नांवाचा अतिरेकहि होतो. वंशाच्या मदानें धुंद झालेला पंडित दगडाला जें म्हणावयाचें नसतें तें त्याच्या तोंडीं घालतो. परंतु एकानें खोटी वंशावळ लिहिली म्हणून दुसऱ्यानें बापाचें नांवच खोडावें, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

आमच्या मित्रांच्या मतांत सत्याचा अंश नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. आनींत सेल्जुकांच्या काळांतली मनूचिहरची मशीद आहे. तिग्रान होनेंत्स या धनिक व्यापाऱ्यानें १२१५ मध्यें बांधलेल्या संत ग्रेगोरीच्या देवळांतील भित्तिचित्रांवर जॉर्जियन अक्षरें आहेत. आर्मेनियन मंडपांच्या छतांत मुसलमानी कारागिरांची नक्षी उतरली आहे. १०६४ मध्यें अल्प अर्सलाननें शहर जिंकलें तरी तेथली वस्ती आणि बांधकाम दोन्ही थांबलीं नाहींत. हें सारें खरें, आणि आनंदाचें. पण देवाणघेवाण म्हणावयाची तर देणारा आणि घेणारा अशा दोघांचीं नांवें लागतात. एकाचें पुसून टाकलें म्हणजे उरते ती देवाणघेवाण नव्हे, नुसती मिळकत.

शिवाय या वास्तूंच्या बाबतींत नांव ही बाहेरून चिकटविलेली चिठ्ठी नाहीं. आर्मेनियन लोक आपल्या भिंतींना लिहावयास लावीत. त्याच तिग्रान होनेंत्सच्या देवळाच्या बाहेरील भिंतीवर लांबलचक लेख कोरलेला आहे. त्यांत त्यानें देवळास काय काय दान दिलें त्याची नोंद आहे. मुख्य देवळाच्या भिंतीवर राणीचा लेख आहे. ही अक्षरें वास्तूचाच अवयव आहेत. मग पाटी लिहिणाऱ्यानें भिंतीवरचा मजकूर वाचून पाटीवरून तो गाळावयाचा, याला निष्काळजीपणा कसें म्हणावें? कित्येक वर्षें आनीच्या माहितीफलकांवर 'आर्मेनियन' हा शब्दच सांपडत नसे, ही गोष्ट तेथें गेलेल्या अनेक प्रवाशांनीं नोंदली आहे. १९१५ मध्यें ऑटोमन राज्यांतल्या आर्मेनियन प्रजेचा संहार झाला. १९२१ च्या कार्सच्या तहानें अखुर्यान नदी सरहद्द ठरली आणि आनी अलीकडच्या कांठावर, तुर्कस्तानांत, राहिली. माणसें गेल्यावर शब्द राहिले होते. ते पाटीवरून गेले.

आणि नांव गेलें कीं दगडाचीहि कोणाला फिकीर उरत नाहीं, हें त्याच आनीनें दाखविलें आहे. तेथलें रिडीमरचें, म्हणजे तारणहाराचें, १०३५ सालचें देऊळ १९५७ पर्यंत पुरें उभें होतें. त्या वर्षीं वादळांत त्याचा अर्धा भाग कोसळला. आज तें चाकूनें उभें कापल्यासारखें अर्धें उभें आहे, आणि त्याला आधार देण्याचें काम आतां कोठें चालू शतकांत झालें. २०१६ च्या जुलैंत, योगायोगानें इस्तंबुलांतच भरलेल्या बैठकींत, युनेस्कोनें आनीला जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. त्याच रात्रीं तुर्कस्तानांत लष्करी बंडाचा गोंधळ उडाला. यादींत आनीचें नांव आलें याचा आम्हांस संतोषच आहे. 'यादींत आलें, म्हणजे झालें' हें समाधान मात्र आम्हांस पटत नाहीं.

कारण ही यादी चालते कशी, हें आपल्यापैकीं थोड्यांस माहीत असेल. १९७२ च्या करारानुसार एखादी वास्तु यादींत घालण्याची सूचना ज्या राज्याच्या हद्दींत ती आहे, त्यानेंच करावयाची. जतनाची जबाबदारीहि प्रथम त्याचीच. वास्तु बांधणाऱ्यांचे वंशज देशोधडीस लागले असतील, तर त्यांस या कारभारांत तोंड उघडण्यास जागा नाहीं. घर ज्याच्या ताब्यांत, तोच पहारेकरी, तोच पंचनामा करणारा. बहुतेक वेळां यानें कांहीं बिघडत नाहीं. जेथें बिघडतें तेथें किती बिघडतें, त्याचें उदाहरण म्हणजे जुल्फा.

आरास नदीच्या कांठीं, नखिचेवान प्रांतांत, जुन्या जुल्फा गांवाचें आर्मेनियन स्मशान होतें. १६४८ मध्यें तेथून गेलेल्या आलेक्झांडर द रोड या पाद्र्यानें तेथें दहा हजार खाचकार असल्याचें लिहिलें आहे. विसाव्या शतकाच्या सत्तरीच्या सुमारास पद्धतशीर मोजणी झाली, तेव्हां सुमारें २,७०० शिल्लक होते. बहुतेक पंधराव्या-सोळाव्या शतकांतले, उंच, अरुंद, रांगांत उभे. १९९८ पासून ते पाडण्यास सुरुवात झाली. २००५ च्या डिसेंबरांत सैनिक घणांनीं शिळा फोडून नदींत ढकलीत आहेत, असें चित्रण पलीकडच्या इराणी कांठावरून करण्यांत आलें. २००६ मध्यें युरोपीय पार्लमेंटच्या मंडळानें जागा पाहूं द्या म्हटलें, तर अझरबैजान सरकारनें परवानगी नाकारली. २०१० मध्यें अमेरिकेंतील विज्ञानसंस्थेनें २००३ आणि २००९ चीं उपग्रहांतून घेतलेलीं छायाचित्रें शेजारी ठेवून पाहिलीं, आणि स्मशान नाहींसें झाल्याचें सांगितलें. तेथें आर्मेनियन असें कांहीं नव्हतेंच, हें सरकारचें उत्तर! २०२२ मध्यें कॉकेशस हेरिटेज वॉच या अभ्यासकगटानें त्या प्रांतांतील ११० आर्मेनियन मठ, देवळें व स्मशानें नकाशावर शोधून तपासलीं. त्यांपैकीं १०८ समूळ नष्ट झालीं होतीं, तींहि १९९७ ते २०११ या युद्धविरामाच्या काळांत.

आतां वाचकांनीं दोन तारखा शेजारी ठेवाव्या. २०१० मध्यें, नैरोबीच्या बैठकींत, युनेस्कोनें खाचकार कोरण्याच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. म्हणजे जगांतला खाचकारांचा सर्वांत मोठा समूह फोडल्यावर पांच वर्षांनीं. आणि २०१९ मध्यें जागतिक वारसा समितीचें अधिवेशन भरलें तें बाकू शहरीं, अझरबैजानच्या पाहुणचारांत. पाहुण्यांच्या ताटांत काय वाढलें होतें आम्हांस ठाऊक नाहीं. पण घांस घशाखालीं कसा उतरला, हें विचारण्याचा अधिकार दूर बसलेल्या आमच्यासारख्यांसहि आहे.

घणापेक्षां अधिक सफाईचा मार्ग म्हणजे नांव बदलणें. कॉकेशसमध्यें पूर्वीं 'अल्बानियन' नांवाचें ख्रिस्ती राष्ट्र होतें (बाल्कनांतल्या अल्बानियाशीं याचा कांहीं संबंध नाहीं), आणि आजचे उदी लोक त्यांचे वारस. हा इतिहास खरा आहे. पण त्या आधारें अझरबैजानांतलीं आर्मेनियन देवळें सरसकट अल्बानियन ठरवावयाचीं, आणि भिंतीवरचे आर्मेनियन लेख मागाहून घुसडलेले म्हणावयाचे, हें शास्त्र तेथें सोविएत काळापासून तयार झालें आहे. २००४ मध्यें नीज गांवच्या उदी लोकांच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हां आर्मेनियन अक्षरें घासून काढलीं गेलीं. २०२२ च्या फेब्रुवारींत तेथल्या संस्कृतिमंत्र्यांनीं असे 'बनावट' लेख काढण्यासाठीं मंडळ नेमल्याचें उघड जाहीर केलें. बोभाटा झाला तेव्हां सारवासारव झाली. आमच्या मित्रांस आम्ही विचारतों: येथें दगड शाबूत आहे, देऊळ डागडुजी केलेलें आहे, दिसावयास सुंदर आहे. एवढें पुरे काय?

कोणी म्हणेल, आर्मेनियन लोक काय धुतल्या तांदळासारखे आहेत? नाहींत. आघदाम शहर १९९३ पासून त्यांच्या बाजूच्या ताब्यांत असतांना चिरा न चिरा उचलून नेण्यांत आलें, आणि तेथली मशीद गुरांच्या वस्तीला उरली. येरेवानची निळी मशीद इराणी म्हणून ओळखली जाते. तेथें पिढ्यान्‌पिढ्या नमाज पढणाऱ्या स्थानिक अझरबैजानी लोकांचा उल्लेख टाळला जातो, ही तक्रार आम्हांस गैर वाटत नाहीं. इतकेंच काय, खुद्द आनीलाच पलीकडच्या आर्मेनियन कांठावरच्या खाणींतल्या सुरुंगांचे हादरे बसत, आणि त्यानें भिंतींस इजा होते असें परकी तज्ज्ञांनीं सांगितलें होतें! आमचा नियम दोन्ही कांठांना लागू आहे. ज्याची वास्तु त्याचें नांव, मग पाटी लिहिणारा कोणीहि असो.

हें अशक्य आहे असेंहि कोणीं सांगूं नये. इराणसारख्या कडव्या इस्लामी राज्यानें २००८ मध्यें संत थद्देयस व संत स्तेपानोस यांचे मठ आणि जोर्जोरचें लहान देऊळ यादींत घातलें तें 'इराणांतील आर्मेनियन मठसमूह' अशा स्पष्ट नांवानें. यांपैकीं जोर्जोरचें देऊळ धरणाच्या पाण्याखालीं जाणार होतें. १९८७–८८ मध्यें, इराकशीं युद्ध चालू असतांना, त्याचे चिरे सोडवून तें वर नेऊन पुन्हां रचलें. तुर्कस्तानांतहि सज्जन नाहींत असें नाहीं. व्हान सरोवरांतील अख्तमार बेटावर मानुएल नांवाच्या स्थपतीनें ९१५ ते ९२१ मध्यें बांधलेलें देऊळ आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर आदाम-हव्वा, योना, दाविद-गल्याथ आणि द्राक्षवेलींचा पट्टा असें आख्खें पुराण कोरलें आहे. १९५१ मध्यें तें पाडण्याचें काम सुरू झालें होतें. थांबलें तें यशार केमाल या तरुण तुर्की वार्ताहराच्या धांवपळीमुळें, जो पुढें मोठा कादंबरीकार झाला. २००७ मध्यें सरकारनें त्याचा जीर्णोद्धार करून तें संग्रहालय म्हणून उघडलें, तें शिखरावर क्रूस न ठेवतां. २०१० मध्यें क्रूस चढला आणि वर्षांतून एकदां उपासनेची परवानगी मिळाली. मात्र बेटाचें अधिकृत नांव 'अकदामार', ज्याचा तुर्कींत अर्थ पांढरी शीर. अख्तमारला शीर कोठून फुटली हें भाषाशास्त्रज्ञांनीं सांगावें.

आमचा या सर्वाशीं काय संबंध, असा प्रश्न उरतो. जुल्फाच्या त्या स्मशानांत ज्यांचे पूर्वज निजले होते, त्या लोकांना शहा अब्बासनें १६०४–०५ मध्यें उठवून इस्फहानजवळ नेऊन वसविलें, आणि त्या नव्या जुल्फ्याचे व्यापारी जहाजांतून सुरतेस, मद्रासेस, कलकत्त्यास आणि मुंबईस आले. मुंबईच्या कोटांत, पूर्वीच्या मेडोज स्ट्रीटवर, त्यांचें संत पीटरचें देऊळ १७९६ मध्यें स्थापन झालें; त्यावरून रोज शेकडों मराठी माणसें कचेरीला जातात. सुरतेला त्यांचीं थडगीं आहेत. तीं आपल्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादींत आहेत, आणि यादींत 'डच व आर्मेनियन थडगीं' असें सरळ लिहिलेलें आहे. आपल्या खात्याच्या कारभाराविषयीं आम्ही एरव्हीं फार बरें बोलत नाहीं, पण ज्यानें ही ओळ लिहिली त्या अनाम कारकुनानें बाकूच्या अधिवेशनाहून मोठें काम केलें, असें आमचें मत आहे. जुल्फाच्या मूळ पुरुषांचे दगड नदींत गेले. त्यांच्या वंशजांचे दगड सुरतेस नांवासह आहेत.

मग मागणें काय? सुधारणा दोनच हव्यात. यादींत येणाऱ्या प्रत्येक स्थळाच्या पाटीवर बांधणाऱ्यांचें नांव, आणि भिंतीवर ज्या भाषेचा लेख आहे त्या भाषेचा मजकूर, ही अट असावी. आणि जेथें बांधणाऱ्यांचे वंशज उरले नाहींत किंवा हांकलले गेले आहेत, तेथें तपासणी त्या राज्याच्या अहवालावर न सोडतां तिऱ्हाइताकडे, उपग्रहाच्या चित्रांसह, असावी. नुसत्या हुकुमांनीं भागत नाहीं. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें ७ डिसेंबर २०२१ रोजीं आर्मेनियन वारशाची विटंबना रोखावी व करणाऱ्यांस शिक्षा करावी असा आदेश अझरबैजानास दिला. २०२३ च्या सप्टेंबरांत काराबाखची एक लाखावर आर्मेनियन वस्ती देश सोडून गेली, आणि २०२४ च्या एप्रिलांतल्या उपग्रहचित्रांत शुशी शहरांतलें संत योहानाचें १८४७ सालचें देऊळ, ज्याला तेथले लोक 'हिरवें देऊळ' म्हणत, दिसेनासें झालें.

आमच्या मित्रांचा कार्यक्रम पुढील महिन्यांत दुसऱ्या एका संस्थेंत पुन्हां व्हावयाचा आहे. आम्हीं त्यांस पत्र लिहून, आनीच्या त्या एका चित्राखालीं 'स्थपति त्रदात, आर्मेनियन, इ. स. १००१' एवढी ओळ घालण्याची विनंति केली आहे. हा मजकूर छापावयास जाईपर्यंत त्यांचें उत्तर आलेलें नाहीं.